पाहुण्याला काय दाखवाल?

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात गावातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी केलेले भाषण. ग्रामस्थांच्या आग्रहावरून ते येथे छापीत आहोत. — संपादक मंडळ)



जीर्णोद्धार समितीने मला 'दोन शब्द बोला' असे सांगितले, तेव्हा मी देवळाचा इतिहास सांगावा अशी त्यांची अपेक्षा असावी. तो इतिहास काल अध्यक्षमहाराजांनी माझ्याहून चांगला सांगितला. मी आज वेगळाच विषय घेतला आहे, आणि तो का घेतला ते आधी सांगतो.

काल दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत आपल्याच एका देणगीदारांची नात माझ्या शेजारी बसली होती. मुंबईत जन्मलेली, कॉलेजात शिकणारी मुलगी. ती म्हणाली, "गुरुजी, आम्ही अजून तीन दिवस आहोत. इथे पाहण्यासारखं काय आहे?" मी भाताचा घास हातात धरून उत्तर दिले, "अगं बाय, आमच्या खेड्यात काय असणार? देऊळ आहे, समुद्र आहे. गणपतीपुळ्याला जाऊन या." ती म्हणाली, "गणपतीपुळं येतानाच झालं." आणि गप्प बसून जेवू लागली.

मंडळी, रात्री मला झोप लागली नाही. छत्तीस वर्षे मी इयत्ता तिसरीला जिल्ह्याचा भूगोल शिकवला. नद्या, बंदरे, पिके मुलांकडून घोकून घेतली. परंतु शाळेची सहल न्यायची म्हटली की आम्ही घाट चढून पन्हाळ्याला आणि जोतिबाला जात असू. थिबा राजाच्या वाड्यात मी स्वतः पहिल्यांदा पाऊल टाकले ते सेवानिवृत्त झाल्यावर. ज्याने आपला मुलूख पाहिला नाही तो पाहुण्याला काय दाखविणार? त्या मुलीला तीन दिवसांचे जे उत्तर मी काल द्यायला हवे होते, ते आज देतो. ती समोर बसलेली आहे.

पहिला दिवस रत्नागिरी शहरासाठी ठेवावा. आपल्याकडून जाताना भाट्याची खाडी लागते. काजळी नदी येथे समुद्राला मिळते. आज आपण पुलावरून दोन मिनिटांत पार होतो. माझ्या लहानपणी तरीतून जावे लागे, आणि मुंबईहून येणारी माणसे आगबोटीने येत. बोट समुद्रात नांगरून पडे आणि पडावात उतरून मांडवीच्या धक्क्याला यावे लागे. माझे वडील गिरणीतून सुट्टीवर येत तेव्हा आम्ही पोरे त्या धक्क्यावर तासन् तास उभी असायचो. मांडवीला जाल तेव्हा तिथली वाळू हातात घेऊन पाहा. ती काळसर आहे. म्हणून त्या बाजूला काळा समुद्र म्हणतात, आणि मिऱ्याच्या बाजूची वाळू पांढरी म्हणून तो पांढरा समुद्र. एकाच गावाला दोन रंगांचे किनारे आहेत, हे मुलांना फार आवडते.

भाट्याला सुरूचे बन आहे, झरी विनायकाचे देऊळ आहे आणि नारळ संशोधन केंद्र आहे. ज्यांच्या आगरात माड आहेत त्यांनी हे केंद्र अवश्य पाहावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखाली ते चालते. कोणत्या जातीचा माड लावावा, खत केव्हा घालावे, हे तेथे विचारता येते. आपण मात्र आजोबांनी लावलेल्या माडाखाली बसून नारळ कमी लागतात म्हणून कपाळाला हात लावतो.

शहरात लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म येथे झाला आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते रत्नागिरीत होते. घर साधे, उतरत्या छपराचे, कोकणी पद्धतीचे आहे. त्यांचे वडील शिक्षक होते, हे सांगताना माझ्यासारख्या मास्तराची छाती थोडी फुगते, तेवढी क्षमा असावी.

तेथून पतितपावन मंदिरात जावे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात, १९३१ साली, हे मंदिर उभे राहिले. कोणत्याही जातीच्या माणसाने थेट गाभाऱ्यापर्यंत जाऊन पूजा करावी, यासाठी ते बांधले गेले. पैसा दिला श्रीमान भागोजीशेठ कीर यांनी. हे कोण होते? गरीब भंडारी घरातला रत्नागिरीचा मुलगा. लहानपणी मुंबईला गेला, सुतारकामाच्या उमेदवारीपासून सुरुवात केली आणि बांधकामाच्या धंद्यात मोठा झाला. म्हणजे आपल्यासारखाच चाकरमानी! त्यांनी रत्नदुर्गाजवळ भागेश्वराचे मंदिर बांधले, आणि दादरच्या समुद्रकाठची स्मशानभूमीही त्यांच्याच औदार्याची आहे. आपल्या फलकावर ज्यांची नावे कोरली गेली त्यांना मी एवढेच सांगेन की, हे देऊळ मुलांना दाखवा आणि ते कोणासाठी उघडले गेले हेही सांगा. पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, यावरून आपल्याकडे किती वर्षे उत्सव बंद होता हे येथे बसलेल्या थोरांना ठाऊक आहे. मी त्यावर अधिक बोलत नाही.

सायंकाळी थिबा राजवाडा पाहावा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. वाडा बांधून झाला १९१० साली. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे राजा इतर बंगल्यांतून राहिला, आणि वाड्यात जेमतेम सहा वर्षे. १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला. राणी १९१९ साली मायदेशी परतली. परंतु थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीस परत आली, येथेच गरिबीत राहिली आणि १९४७ साली येथेच तिचा अंत झाला. राजाची समाधी शहरात आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्या समाधीच्या दर्शनाला आले होते. एका देशाचा प्रमुख हजारो मैलांवरून येतो आणि आपण पंधरा किलोमीटरवरून जात नाही! वाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. तेथील सज्जावर उभे राहिले की खाली भाट्याची खाडी दिसते. राजा त्या पाण्याकडे पाहून काय विचार करीत असेल, हे मुलांना विचारा आणि त्यांची उत्तरे ऐका.

दुसरा दिवस उत्तरेकडचा. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी रत्नदुर्ग चढावा. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार, तीन बाजूंना समुद्र, आत भगवती देवीचे देऊळ, पलीकडच्या टेकडीवर दीपगृह. शिवाजी महाराजांनी १६७० साली हा किल्ला घेतला. तटावरून मिरकरवाड्याचे बंदर दिसते. खाली उतरून त्या बंदरात मासळीचा लिलाव पाहावा. नाकाला रुमाल लावू नये, कारण त्या वासावर हजारो घरांच्या चुली पेटतात. शहरातील मत्स्यालयात देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. तो पाहून आमच्या वाडीतला एक पोरगा आठ दिवस दुसरे काही बोलत नव्हता.

तेथून किनाऱ्याच्या रस्त्याने आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्यास जावे. हमरस्त्याने जाऊ नये. आरे-वारेच्या डोंगरावर रस्ता वळतो तेथे गाडी बाजूला लावून पाच मिनिटे उभे राहा. दोन्ही बाजूंना दोन किनारे दिसतात. गणपतीपुळ्याला डोंगर हाच देव मानलेला आहे, म्हणून प्रदक्षिणा देवळाभोवती नसून सबंध डोंगराभोवती घालावयाची, सुमारे एक किलोमीटरची. पुष्कळ मंडळी रांगेत दर्शन घेऊन लगेच गाडीत बसतात. प्रदक्षिणा घालाल तर पुळे पाहिले असे म्हणा.

पुळ्याहून मालगुंड अगदी जवळ. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म १८६६ साली तेथे झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक उभारले, ते १९९४ साली खुले झाले. त्यांचे कौलारू घर जतन केलेले आहे. मुंबईकरांनो, दादरहून सावंतवाडीला जी 'तुतारी एक्स्प्रेस' धावते तिचे नाव केशवसुतांच्या कवितेवरून दिलेले आहे. तिकिटासाठी आपण इतकी धडपड करतो, पण ज्याच्यामुळे ते नाव पडले त्याच्या घरावरून तसेच पुढे जातो.

तिसरा दिवस आपल्या बाजूचा, दक्षिणेचा. पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे. १९०३ साली पावसलाच जन्मलेल्या स्वामींनी ज्ञानेश्वरी अभंगरूपाने सोपी करून सांगितली आणि १९७४ साली १५ ऑगस्ट रोजी देह ठेवला. ज्या साध्या घरात ते चाळीसेक वर्षे राहिले ते घरही पाहावे. त्या घरात शिरल्यावर कोणीही न सांगता माणसे हळू बोलू लागतात. मी तरुणपणी दोनदा त्यांचे दर्शन घेतले आहे. काय बोलले ते आता आठवत नाही, पण बाहेर आलो तेव्हा पायांत चपला घालायचे विसरलो होतो एवढे आठवते.

पुढे मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड. किल्ला लहानसा, अर्ध्या तासात पाहून होतो, पण समुद्राकडच्या दरवाजातून जो वारा येतो तो कुठल्या पंख्याने येणार नाही. खाडीपलीकडे गावखडीची वाळू. हिवाळ्यात तेथे कासविणी रात्री येऊन अंडी घालतात. त्यांना उजेड आणि गडबड सोसत नाही, म्हणून बॅटऱ्या घेऊन जाऊ नये. पुढे राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचे देऊळ आहे. आपल्या भागात सूर्याचे देऊळ दुर्मिळ. शिलाहार राजा दुसरा भोज याचा इ. स. ११९१ चा ताम्रपट त्या देवस्थानाकडे आहे. ही मूर्ती काठेवाडातून जहाजाने आली आणि कनका नावाच्या भाविक स्त्रीमुळे गावाला लाभली, अशी आख्यायिका सांगतात. समुद्राकाठी जेथे मूर्ती ठेवली गेली ती देवघळीची कडेकपार पाहण्यासारखी आहे. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो.

हे झाले पाहण्याचे. करण्यासारखे काय, असेही तुम्ही विचाराल. पावसाळ्यात आलात तर लावणीच्या वेळी तरवा काढायला शेतात उतरा. कंबर धरेल, पण ताटातल्या भाताची किंमत कळेल. वैशाखात आलात तर आंब्याची पेटी भरताना गवत कसे घालायचे ते शिका. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळूनही दुसरीकडचा आंबा आपल्या नावाने विकला जातो. ज्याने झाडावरचा आंबा घळाने उतरवून पाहिला आहे त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही. शिमग्याला आलात तर पालखीमागून वाडीवाडी फिरा, नमन-खेळे रात्रभर बसून बघा. गणपतीत जाखडीच्या फेरात उभे राहा. घरच्या बाईकडून घावणे आणि कुळथाचे पिठले मागून खा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. समुद्राची मस्करी करू नका. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर तळ एकदम खोल जातो आणि ओहोटीचे पाणी पाय ओढते. पोहता येणारी तरणीताठी माणसे तेथे दगावली आहेत. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या कोळ्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

आता शेवटची आणि खरी गोष्ट. ती सांगायला मला जड जाते.

आपल्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रे आहेत. लहानपणी गुरे राखताना आम्ही त्यांना पांडवांची चित्रे म्हणत असू. १९७८ साली मी घर बांधावयास काढले आणि चिऱ्यासाठी आमच्याच सड्यावर खाण घातली. तेथे पाय फाकून उभा असलेला एक माणूस कोरलेला होता, आणि त्याच्या बाजूला दोन मासे. खाणीवरचा गडी, अक्षरशत्रू माणूस, मला म्हणाला, "गुरुजी, हय चित्र हाय, सोडू काय?" मी, शिकलेला मास्तर, म्हणालो, "पोराटोरांनी खरडलं असेल. घे काढून."

२०१२ सालापासून रत्नागिरीतील काही हौशी अभ्यासकांनी पायी फिरून अशा चित्रांचा शोध सुरू केला. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. हत्ती, वाघ, डुक्कर, मासे, कासव, इतकेच काय आज कोकणात नसलेला गेंडासुद्धा त्यांत आहे. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. यांतील काही चित्रे दहा हजार वर्षांपूर्वीची असावीत असे अभ्यासक मानतात. तेव्हा लोखंड नव्हते, शेती नव्हती, आपले हे ग्रामदैवतही नव्हते. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणे गेली. त्यांतील सात आपल्या जिल्ह्यातली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे.

वर्तमानपत्रात मी पहिले छायाचित्र पाहिले तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला. तसाच पाय फाकलेला माणूस होता. माझ्या घराच्या जोत्यात तो कुठेतरी तुकडे होऊन पडला आहे. कोणत्या चिऱ्यात त्याचा हात आहे आणि कोणत्या चिऱ्यात मासा, हे मलाही सांगता यायचे नाही. इतकी वर्षे मी हे कोणाला बोललो नाही. आज देवासमोर बोलतो.

परंतु त्याच्या पलीकडे, वरच्या बांधाजवळ, अजून तीन चित्रे शाबूत आहेत. मी गेल्या महिन्यात काठी टेकीत जाऊन पाहून आलो. एक मोठा मासा आहे, एक हरणासारखा प्राणी आहे, तिसरे काय ते मला उमगले नाही. ती जमीन सामाईक आहे. तिच्या सातबाऱ्यावर या सभेत बसलेल्या अकरा जणांची नावे आहेत, त्यांतील सात मुंबईत असतात. जमिनीला गिऱ्हाईक आले आहे हे सर्वांना ठाऊक आहे. विकावी की न विकावी हे मी सांगणार नाही. प्रत्येकाच्या घरी मुलांची शिक्षणे आहेत, आजारपणे आहेत. माझे मागणे लहान आहे. जो काही कागद कराल त्यात त्या तीन चित्रांपुरता कातळ आणि तेथवर जाणारी पायवाट गावासाठी राखून ठेवा. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या हत्तीभोवती कठडा बांधला, त्याचे रक्षण केले. ते काही आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हेत. देवळासाठी आपण वर्गणी काढली, तिथे एक गडगा घालायला दोन दिवसांचे श्रमदान पुरेल. पहिला चिरा माझ्याकडून घ्या. तो माझ्यावर ऋण आहे.

दुसरे मागणे चाकरमान्यांकडे. आपल्या गावात निम्म्याहून अधिक घरांना कुलूप आहे. मंडणगड तालुक्यातले वेळास पाहा. तेथे कासवाची अंडी पूर्वी लोक खात, विकत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ती राखायला सुरुवात केली. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लांबून माणसे येतात, गावातल्या घरांतून उतरतात, तिथल्या बायांच्या हातचे जेवतात आणि त्याचे पैसे त्या घरातच राहतात. हॉटेल बांधावे लागले नाही. आपण वर्षातून दोन आठवडे उघडतो त्या घराची एक पडवी, एक खोली स्वच्छ करून ठेवली आणि शेजारच्या काकीच्या हाती किल्ली दिली, तर पाहुणाही येईल आणि वाळवी लागून घरही पडणार नाही.

तिसरे मागणे शाळेतल्या मुलांकडे. पुढच्या वर्षीच्या उत्सवाला मुंबईहून जी मुले येतील त्यांना सड्यावर तुम्ही न्यायचे. मोठ्यांनी नाही, तुम्ही. गाडी खाली ठेवायची, चपला काढून कातळावर जायचे, चित्रावर पाणी किंवा खडू टाकायचा नाही, आणि 'हे आमच्या गावचं' असे म्हणून दाखवायचे.

देवळाचे काम समितीने चोख केले. लाकडी खांब होते तसे जपले, कौले नवी घातली, पैशापैशाचा हिशेब फलकावर लावला. सर्वांना माझा नमस्कार. आणि बाय, उद्या सकाळी सात वाजता देवळाच्या पायरीवर ये. थिबा राजाचा वाडा नंतर बघ. आधी आपण दोघे सड्यावर जाऊ. तिसरे चित्र कसले आहे ते तुझ्या तरण्या डोळ्यांना कदाचित कळेल.